गादी उचलून बघा

अमेरिकेत घरच्या गॅरेजात छोटा कॅम्पिंग ट्रेलर बांधायला घेतला की पहिल्याच आठवड्यात सल्ले सुरू होतात, आणि त्यातला एक सल्ला हमखास ऐकायला मिळतो. "तळाला फोम-बिम घालत बसू नकोस. उष्णता वर जाते. छताला घाल, भिंतींना घाल, खाली सरळ १८ एमएमचा प्लाय ठोक आणि मोकळा हो." देणारा माणूस बहुतेक अनुभवी असतो. त्याने स्वतः दोन ट्रेलर बांधलेले असतात, बोटांवर जुन्या करवतीच्या खुणा असतात, आवाजात खात्री असते. नवखा मान डोलावतो आणि प्लाय आणायला निघतो.

हा सल्ला चुकीचा आहे. पूर्ण चुकीचा असता तर एव्हाना मोडीतही निघाला असता. तो अर्धा बरोबर आहे म्हणून इतकी वर्षं टिकला. त्यातला बरोबर भाग कोणता आणि चुकीचा कोणता, हे एकदा सुटं करून ठेवायला हवं.

आधी वस्तू कोणती ते सांगायला हवं. कारच्या मागे ओढायचा, अश्रूच्या थेंबासारखा पुढे फुगीर आणि मागे निमुळता होत जाणारा हा ट्रेलर अमेरिकेत १९३० च्या दशकात आला. हौशी लोकांच्या मासिकांतून त्याचे आराखडे छापून येऊ लागले आणि हजारो लोकांनी तो घरी बांधला. आत दोघांपुरती झोपायची जागा, मागचं झाकण वर उचललं की ओटा. माप बहुधा चार फूट बाय आठ फूट. यामागे गूढ काही नाही, प्लायची शीट तेवढीच येते. मुंबईच्या लाकूडबाजारात 'आठ बाय चार' मागितली की जी मिळते, तीच. म्हणजे एक अख्खी शीट हाच ट्रेलरचा तळ. खाली लोखंडी सांगाडा, वर प्लाय, प्लायवर गादी, गादीवर माणूस. आणि प्लायच्या खाली? काही नाही. रात्रीचा वारा.

'उष्णता वर जाते' हे वाक्य शाळेत अर्धवट ऐकलेल्या धड्यातून आलेलं आहे. वर जाते ती गरम हवा. उष्णतेला वर-खाली कळत नाही. जिकडे थंड, तिकडे ती जाते, आणि जिथे पदार्थ पदार्थाला टेकलेला असतो तिथून तर बिनबोभाट जाते. सह्याद्रीतल्या मेंढपाळाला हे कुणी शिकवावं लागलं नाही. त्याच्याकडे एकच घोंगडी असली तर ती आधी खाली अंथरली जाते, तिचा उरलेला भाग अंगावर ओढला जातो. हरिश्चंद्रगडाच्या गुहेत डिसेंबरची रात्र काढलेल्या कुठल्याही ट्रेकरला विचारा: स्लीपिंग बॅग कितीही महाग असो, खाली मॅट नसेल तर पहाटे तीनला पाठ उठवते. अंगाखालच्या मॅटची उष्णता अडवायची ताकद मोजायला अमेरिकेत स्वतंत्र मानक झालं आहे आणि मॅटच्या वेष्टनावर आता तो आकडा छापलेला असतो. उष्णता फक्त वर जात असती तर हा उद्योग कुणी केला नसता.

थोडा हिशेब. १८ एमएमचा प्लाय, आत १५ अंश, बाहेर शून्य. चार बाय आठचा उघडा तळ या फरकाला साधारण १३० वॅट बाहेर सोडतो. झोपलेला माणूस ७० ते ८० वॅट उष्णता देतो. म्हणजे दोघं जण रात्रभर मिळून जी ऊब तयार करतात, त्यातली बहुतेक एकटा तळच गिळतो. छत, भिंती, दार, खिडकी अजून हिशेबात आलेलीच नाहीत. आता त्याच जागी दोन पातळ प्लायच्या मध्ये २५ एमएमचा एक्सपीएस, म्हणजे एक्सट्रुडेड पॉलिस्टायरीनचा, फोम ठेवा. आकडा ४५ वॅटच्या खाली येतो. प्लाय उष्णता जितकी वाहून नेतो, त्याच्या जेमतेम चौथा हिस्सा हा फोम नेतो. सगळा फरक तिथला आहे.

इथे समोरचा माणूस हसतो, कारण त्याच्याकडे खरा हुकमाचा एक्का आहे. "उघडा तळ कुठे असतो? वर दहा सेंटिमीटरची गादी आहे की! ती हिशेबात कोण धरणार?" हा मुद्दा रास्त आहे. ट्रेलरच्या तळाचा बहुतेक भाग गादीने झाकलेला असतो आणि फोमची गादी ही स्वतःच उत्तम उष्णतारोधक असते. फक्त किती वॅट वाचले याचीच पैज असती तर तळातल्या फोमची बाजू इथे लंगडी पडली असती.

पण भांडण वॅटचं नाहीच. भांडण पाण्याचं आहे.

बंद खोक्यात दोन माणसं आठ तास झोपली की श्वासातून आणि कातडीतून अर्ध्या लिटरहून जास्त पाणी हवेत सोडतात. छताचा झरोका बोटभर उघडा ठेवला तर बरंचसं निघून जातं. उरतं ते थंड जागा शोधतं. खिडकीची काच सगळ्यांना दिसते, म्हणून सकाळी उठून काच पुसली जाते आणि काम झालं असं वाटतं. त्या वेळी ट्रेलरमधली सगळ्यात थंड, सगळ्यात मोठी आणि कुणी न पाहिलेली जागा गादीखाली असते. अंगातून निघालेली वाफ गादीतून खाली झिरपते आणि प्लायला टेकते. गादी जितकी जाड, तितकी ती माणसाची ऊब प्लायपर्यंत पोचू देत नाही, म्हणून प्लाय आणखी थंड. गादीवर बोट ठेवून ज्याने वाद जिंकला, त्याने नेमका इथेच तो हरलेला असतो: गादीने माणसाला वाचवलं आणि तळाला भिजवलं.

आकडे पाहा. आतली हवा १५ अंश, आर्द्रता ७० टक्के, तर दव पडायला लागतं साधारण साडेनऊ अंशांखाली. बाहेर शून्य असताना माणूस झोपला आहे त्या जागी, गादी आणि साध्या १८ एमएम प्लायच्या मध्ये, तापमान उरतं दोन-तीन अंश. तिथे दव पडणारच, वेण्णा तलावाकाठच्या गवतावर पडतं तसं; फरक इतकाच की इथे ते उन्हाने वाळत नाही. आठवडाभराच्या सहलीनंतर गादी उचलली की प्लायवर माणसाच्या आकाराचा ओला डाग असतो. खांदे, पाठ, कंबर स्पष्ट ओळखू येतात. दुसऱ्या मोसमात त्या आकारात काळे ठिपके येतात आणि गादीच्या कापडाला बंद ट्रंकेचा वास लागतो.

फोमवाल्यांनी इथे छाती फुगवू नये. नुसता फोम घातला तर त्या जागचं तापमान नऊच्या आसपास येतं, म्हणजे दवाच्या उंबरठ्यावर. ओल कमी होते, संपत नाही. दुसरीकडे एक पंथ आहे तो म्हणतो, गादीखाली लाकडी पट्ट्यांची जाळी घाला, हवा खेळू द्या, फोमची गरज नाही. तेही अर्धंच. साध्या प्लायवर पट्ट्या घातल्या आणि खालून हवा खरोखर खेळती ठेवली, तरी प्लायचा पृष्ठभाग पावणेआठ अंशांच्या वर जात नाही. खेळती हवा आपलं बाष्प तिथेच आणून टाकते. फोमचा तळ आणि वर पट्ट्या, दोन्ही एकत्र केलं तर पृष्ठभाग साडेबारा अंशांवर राहतो आणि लाकूड कोरडं. हिशेब ढोबळ आहे, प्रत्यक्षात अंश इकडेतिकडे होतील. पण पावणेआठ आणि साडेबारा यांच्या मध्ये दवाची रेघ जाते, हे ढोबळपणाने बदलत नाही. गेली कित्येक वर्षं फोमवाले आणि पट्टीवाले एकमेकांशी भांडताहेत, आणि दोघांच्याही गाद्या ओल्या.

आता मजबुतीकडे. "फोमवर उभं राहणार? कोसळेल!" हे वाक्य बोलणारा माणूस बहुधा पुठ्ठ्याच्या खोक्यावर बसून बोलत असतो. देवगडच्या हापूसचा खोका आठवा. दोन पातळ कागद, मध्ये नागमोडी कागद, तिन्ही सुटे हातात घेतले तर चुरगळतात. एकत्र चिकटवले की त्याच खोक्यांची चळत ट्रकमध्ये माणसाच्या डोक्याइतकी उंच लागते. घरातलं पोकळ फ्लश डोअर त्याच जातीचं. वाकताना ताण सोसतात ते वरचे आणि खालचे थर. मधल्याचं काम त्या दोघांना एकमेकांपासून दूर धरणं आणि सरकू न देणं. दोन थर जितके दूर, तितका ताठपणा झपाट्याने वाढतो.

५ एमएमचे दोन प्लाय आणि मध्ये २५ एमएम फोम. निव्वळ भूमितीने पाहिलं तर हा तळ १८ एमएमच्या सलग प्लायपेक्षा साडेचार पटींहून अधिक ताठ निघतो. हा आकडा फोमचे प्रचारक फार आवडीने सांगतात, आणि पुढचं वाक्य गिळतात. फोम मऊ असतो; भार आला की तो आतल्या आत तिरका सरकतो आणि ताठपणातला मोठा वाटा खाऊन टाकतो. लोखंडी आडव्यांमध्ये दोन फुटांचंच अंतर असेल तर फायदा जेमतेम उरतो, सलग प्लायपेक्षा थोडा ताठ इतकंच. अंतर चार फूट असेल तर मात्र अडीच पटींच्या वर जातो. म्हणजे चार फुटांवर आडवे टाकून लोखंड वाचवायचं असेल तर हाच तळ हवा, आणि आडवे आधीच दाट असतील तर मजबुतीची जाहिरात करू नये, ऊब आणि कोरडेपणाचीच करावी.

या तत्त्वाची परीक्षा ट्रेलरवाल्यांनी घेतलेली नाही, विमानवाल्यांनी घेतली. द हॅविलंड मॉस्किटो हे ब्रिटिश लढाऊ विमान २५ नोव्हेंबर १९४० ला पहिल्यांदा उडालं. त्याचा धडाचा भाग म्हणजे बर्च प्लायच्या दोन थरांमध्ये बाल्साचं हलकं लाकूड. धातूच्या विमानांना मागे टाकेल इतका वेग त्याने गाठला. मग १९४४ मध्ये भारत-ब्रह्मदेश आघाडीवर काही मॉस्किटो हवेतच मोडली आणि दमट हवेत लाकडी विमान टिकेल का, हा प्रश्न उभा राहिला. चौकशीचं बोट गोंदलेल्या सांध्यांच्या कच्च्या कामाकडे आणि लाकडात शिरलेल्या ओलीकडे वळलं. फोमच्या बाजूने बोलणाऱ्याला मॉस्किटोचा दाखला द्यायचा असेल तर त्याने हा उत्तरार्धही जरूर द्यावा, कारण खरा धोका तिथेच आहे: थर वेगळे झाले की तळाचे तीन पातळ पापुद्रे उरतात.

म्हणून गोंदाबद्दल दोन शब्द जास्तीचे. रेक्झिन आणि सनमायका चिकटवायचा तो पिवळा, डोकं धरणारा रबरी गोंद एक्सपीएसवर लावला की फोम डोळ्यांदेखत विरघळतो. साखरेवर गरम पाणी पडावं तसे खड्डे पडतात. पॉलिएस्टर रेझिनचंही तेच. इपॉक्सी चालतो, ओलाव्याने फुगून घट्ट होणारा पॉलियुरेथेन गोंद चालतो. पॉलियुरेथेनला पाण्याचा हलका शिडकावा लागतो, आणि तो फुगत असताना थर उचलू नये म्हणून वरून वजन हवं. गॅरेजात हे वजन काहीही असतं: पाण्याने भरलेले कॅन, विटा, गाडीचे जुने टायर. शीटच्या मधोमध वजन नसलं तर तिथे पोकळी राहते. दुसऱ्या दिवशी बोटाच्या पेराने टकटक करत गेलं की घट्ट जागी भरीव आवाज येतो आणि पोकळ जागी ढोलकीचा.

"चिरडेल" हा आक्षेप ज्याने घेतला, त्याचा मात्र मान राखावा. बाजारात सर्रास मिळणारा २५ पीएसआयचा एक्सपीएस दर चौरस सेंटिमीटरला पावणेदोन किलोच्या आसपास भार सोसतो. ८० किलोचा माणूस एका टाचेवर उभा राहिला तर टाचेखाली याच्या दीडपट भार येतो. उघड्या फोमवर खड्डा पडणारच. वर ५ एमएमचा प्लाय असला की तो भार आजूबाजूला पसरवतो आणि प्रश्न सुटतो. ३ एमएम घातला तर आइसबॉक्सच्या पायांचे ठसे पहिल्याच मोसमात उमटतात. झोपलेल्या माणसाची चिंता तर करूच नये, त्याचा भार फोमच्या ताकदीच्या शंभराव्या हिश्श्याएवढा असतो.

खरी चिरडाचिरडी बोल्टखाली होते. तळ सांगाड्याला आवळताना पाना फिरत राहतो, आणि मध्ये फोमच असेल तर बोल्ट घट्ट होतच नाही, फोम दबत जातो. महिन्याभराने बोल्ट ढिला. म्हणून बोल्टच्या प्रत्येक जागी, भिंती जिथे उभ्या राहणार त्या कडेने आणि दाराच्या उंबऱ्याखाली फोमऐवजी लाकडी रीप हवीच. बोटी बांधणारे त्याही पुढे जातात: भोक मोठं पाडून इपॉक्सीने भरतात आणि मग त्यात योग्य मापाचं भोक पाडतात, म्हणजे पाणी लाकडाच्या धाग्याला शिवतच नाही. एवढं करूनही कडाक्याच्या थंडीत पहाटे आतल्या बाजूला बोल्टच्या डोक्यावर पाण्याचा एकेक थेंब दिसतो. बाकी तळ कोरडा आणि आठ-दहा चकाकते थेंब, जणू कुणी सांगाड्याचा नकाशा काढून ठेवला आहे. लोखंड खालची थंडी सरळ वर आणतं. बुचाची पातळ चकती चिकटवली की थेंब जातो.

सडण्याचा आक्षेप सगळ्यात जुना. जुन्या कॅरॅव्हान उघडल्या की तळ कुजलेला निघतो, हे खरं. पण त्यांच्या तळाखाली काय असतं? बहुधा काचलोकर. ती पाणी धरून ठेवते, वर उंदीर त्यात घर करतात. एक्सपीएस बंद पेशींचा असतो. प्रयोगशाळेतल्या चोवीस तासांच्या चाचणीत तो आकारमानाच्या ०.३ टक्क्यांच्या आसपासच पाणी घेतो. काचलोकरीच्या पापाची शिक्षा त्याला देण्यात अर्थ नाही. कुजतं ते लाकूड, तेही कडेने: चाकाने उडवलेलं पाणी प्लायच्या उघड्या कडेतून शिरतं. १८ एमएमच्या प्लायलाही कडा असते. खालून डांबराचा लेप किंवा इपॉक्सी आणि कडेला दोन हात जास्त, हे दोन्ही तळांना सारखंच लागू. आपला जाड प्लाय उघडा ठेवून फोमवाल्याला कुजण्याची भीती घालणं म्हणजे छत्री न घेता निघालेल्याने रेनकोटवाल्याला पावसाची भीती घालण्यासारखं आहे.

थर्मोकोल मात्र टाळावा. स्वस्त आहे, पण दाण्यांचा असतो, कापताना दाणे घरभर होतात, आणि तेवढ्याच जाडीत उष्णता कमी अडवतो. आणि चंदेरी बुडबुड्यांच्या गुंडाळीला तर दारातूनच परत पाठवावं. चकचकीत पृष्ठभागाचा उपयोग त्याच्यासमोर मोकळी हवा असेल तरच; दोन प्लायच्या मध्ये दाबून बसवला की तो चार पैशांचा कागद उरतो. अमेरिकेत उष्णतारोधकांचे फुगवलेले आकडे इतके बोकाळले की १९७९ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाला त्यांच्या जाहिरातींवर नियम करावा लागला. गुंडाळीवरचा ठळक आकडा वाचताना हे लक्षात असू द्यावं.

वजनाचं काय? फोमवाले हा मुद्दा सगळ्यात वर ठेवतात आणि तो सगळ्यात दुबळा आहे. चार बाय आठचा १८ एमएमचा साधा प्लाय २९ किलोंच्या आसपास, चांगल्या बर्चचा ३६. वर सांगितलेला फोमचा तळ रिपा आणि गोंद धरून साधारण २४. पाच किलो वाचले म्हणून कुणी नारळ फोडू नये. पण ज्याला ऊब हवी आहे आणि तरी सलग प्लाय सोडवत नाही, तो काय करतो? १८ एमएमचा प्लाय ठेवतो, खाली लाकडी चौकट ठोकतो, चौकटीत फोम भरतो. हा तळ ४० किलोच्या वर जातो. तुलना करायची तर याच्याशी करावी. अमेरिकेत छोट्या एसयूव्हींची ओढायची मर्यादा कित्येकदा १५०० पौंड, म्हणजे ६८० किलो असते. युरोपात साध्या परवान्यावर ओढायच्या छोट्या ट्रेलरला ७५० किलोंची वेस आहे. त्यात पाणी, गॅस, बॅटरी, भांडी, दोघांचे कपडे. सोळा किलो म्हणजे सोळा लिटर पाणी.

शेवटी एक वाक्य उरतंच: "आमच्या ट्रेलरला वीस वर्षं झाली, साधा प्लाय आहे, काही झालं नाही." हे बहुधा खरं असतं. पण पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही: कुठे आणि केव्हा? ॲरिझोनाच्या वाळवंटात, जिथे धुतलेला टॉवेल तासाभरात खडखडीत होतो, किंवा फक्त जून ते ऑगस्ट, खिडक्या उघड्या टाकून, जो झोपला त्याला तळात काही झालं नाही यात नवल नाही. त्याच्यासाठी १८ एमएमचा प्लाय पुरेसा आहे आणि त्याने फोमवर एक पैसाही घालू नये. पण तो सल्ला देतो मिशिगनमध्ये बसलेल्याला, ज्याला ऑक्टोबरात तळ्याकाठी पानगळ पाहायला जायचं आहे, दारं-खिडक्या बंद, बाहेर शून्य, आत दोन माणसं आणि एक कुत्रा. त्याने सोमवारी घरी परतल्यावर, सामान उतरवायच्या आधी, गादीचा एक कोपरा उचलावा आणि खालच्या प्लायवरून तळहात फिरवावा.